रिकाम्या जागेत दाबलेलं बटण

ताईचं बोट डायलवर होतं आणि ती काहीच करत नव्हती.

काचेपलीकडे, जाड दाराच्या खोक्यात, कानांवर हेडफोन चढवून शिंपीणकाकू बसल्या होत्या. हातात वायरीला लावलेलं बटण. आवाज आला की दाबायचं, बस, एवढंच काम. ताईने आवाज सोडलाच नव्हता. पाच सेकंद गेले, दहा गेले. काकूंनी डोळे मिटले, मान जराशी वाकडी केली आणि दाबलं.

ताईच्या मशिनवर हिरवा दिवा लागला. तिने कागदाच्या कडेला पेन्सिलीने एक बारीक गोल काढला.

तिच्या मागे स्टुलावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. इमारतींना बाहेरून रंग मारायचं काम करायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला रंगारीच म्हणायची. काकूंना इथे, कानाच्या दवाखान्यात, तोच घेऊन आला होता.

"तू काही वाजवलंच नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"मग हिने काय ऐकलं?"

"ते तिचं तिला माहीत."

"खोटं दाबतेय?"

"छे. खोटं दाबणारे काचेतून माझ्या तोंडाकडे बघत बसतात, बरोबर आलं का म्हणून. हिचे डोळे बघ. मिटलेत. हिला खरंच ऐकू आलं."

परत दिवा लागला. परत गोल. काकू आतमध्ये किंचित हसत होत्या, लांबून ओळखीचं कुणी हाक मारल्यावर माणूस हसतो तशा.

रंगाऱ्याच्या अंगावर काटा आला. सोळा वर्षं ताई हे काम करत होती आणि ती तिथे नक्की काय करते ते तो आज पहिल्यांदा बघत होता. पण काटा ओसरला तसा तो खुशीत आला.

"म्हणजे माझंच खरं की. असा आवाज आहे जो तुझ्या मशिनला पकडता येत नाही आणि काकूंना येतो."

ताईने पेन्सिल खाली ठेवली. मागे वळून त्याच्याकडे बघितलं. "चहा पिणार?" एवढंच विचारलं.

ताई अशीच. तिच्याशी भांडायला जावं तर भांडण हातात घेऊन आपण एकटेच उभे.

ती अठराची असताना या कानाच्या दवाखान्यात झाडू मारायला लागली. रंगारी तेव्हा सात वर्षांचा. बाप घरात नव्हता, आई दिवसभर दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करायची, त्यामुळे शाळा सुटली की पोरगा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहायचा. आतमध्ये एक म्हातारा मशिन चालवायचा. त्याची नजर गेली तेव्हा त्याने झाडूवाल्या पोरीला जवळ बसवलं आणि डायल दाखवले. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. आवाज कमी करत जायचा, जिथे ऐकू येणं थांबेल तिथे खूण करायची. शेवटी म्हणाला, मध्ये मध्ये काहीच वाजवू नकोस. का, ते मी नाही सांगणार, तुझं तुला कळेल.

तिला आठवड्यात कळलं. दहातली सहा-सात माणसं त्या रिकाम्या जागेत बटण दाबतात. शिकलेली दाबतात, अडाणी दाबतात. एक रिटायर झालेले जज्ज आले होते, त्यांनी नऊ वेळा दाबलं. त्या जागेला ताई 'रिकामी जागा'च म्हणायची, आणि पेशंटला त्यातलं कधी काही सांगायची नाही. माणूस एवढं मन लावून ऐकतोय, त्याला का लाजवा, असं तिचं म्हणणं.

पण कागदाच्या बाबतीत ती दगड. एकदा एक पैलवानासारखा माणूस आला, बहिरा असल्याचा दाखला हवा होता, कुठल्या तरी जागेवर लागायचं होतं. त्याने गोड बोलून बघितलं, मग टेबलावर हात आपटून बघितलं. ताई म्हणाली, "हात हळू आपटा, तुम्हालाच त्रास होतोय आवाजाचा." तो गेला तो परत फिरकला नाही. आकडा जो आला तो लिहिणार, इकडचा तिकडे नाही. डॉक्टरांनी सांगितलं तरी नाही. डॉक्टर वैतागून म्हणायचे, "या दवाखान्यात मालक कोण आहे ते मला एकदा लिहून द्या."

रंगाऱ्याने नववीत शाळा सोडली तेव्हा आईने डोकं धरलं. ताईने विचारलं, "उद्यापासून काय करणार?" तो म्हणाला, "माहीत नाही, पण उंचावर काहीतरी करणार." ती हसली आणि दुसऱ्या दिवशी रंगकाम करणाऱ्या मुकादमाकडे त्याला घेऊन गेली. मुकादमाने पोरगा वर-खाली बघितला. ताई म्हणाली, "हा पडला तर मी तुम्हाला सोडणार नाही." मुकादम अजून सांगतो, एवढ्या हळू आवाजात एवढी मोठी धमकी त्याने कधी ऐकली नव्हती.

म्हणून ताईला कुणी काही बोललं तर रंगारी अंगावर जायचा. ताईचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी शेवटचा शब्द. आणि नेमकं तिच्याशीच त्याचं वाजलं.

सुरुवात एका मेसेजने झाली. गल्लीच्या ग्रुपवर आला. कुणी लिहिला कुणाला पत्ता नाही. त्यात होतं, की शहराखाली यंत्रं बसवलीत. त्यांची बारीक घरघर चोवीस तास चालू असते. 'हा आवाज सगळ्यांना येत नाही. ज्यांना येतो ते अजून वाचलेत. ज्यांना येत नाही त्यांचे कान त्यांनी आधीच मारलेत. कुठल्याही मशिनवर दिसणार नाही, कारण मशिनंही त्यांचीच. खात्री करायची असेल तर पंखा बंद करा, डोळे मिटा, मनात साठ आकडे मोजा आणि नीट ऐका. खोटं निघालं तर तुमचं काय गेलं? खरं निघालं तर तुमचं माणूस वाचेल. पुढे पाठवा.'

रंगाऱ्याने पंखा बंद केला. डोळे मिटले. बावीसपर्यंत मोजलं असेल नसेल, आवाज आला. बंद दाराआड कुणीतरी मोटर चालू करून निघून गेल्यासारखा. आणि त्याला आठवलं, हा तर दोन-तीन महिने आहेच की. आपण भिंतीबाहेर दोरांच्या झुल्यावर काम करताना, वाऱ्यात, आपल्याला वाटायचं दोराचा आवाज.

त्याचा जीवच हलका झाला. आपल्याला काहीतरी होतंय असं जे आतून खात होतं, त्याला नाव मिळालं. वर आपण वाचलेल्यांपैकी. त्याने फोनवर बोलणं रेकॉर्ड करून पुढे पाठवलं, जसं सुचलं तसं, "मी रंगारी आहे, मी शिकलेला नाही, पण मला ऐकू येतंय, ज्याला येत असेल त्याने माझ्यासोबत यावं." आठवड्यात चाळीस हजार लोकांनी ऐकलं. अनोळखी बायका-पोरं त्याला दादा म्हणायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तो बोलत होता आणि लोक मध्ये तोडत नव्हते.

आणि त्या गोष्टीची खुबी अशी, की तिच्यात हरायची सोयच नव्हती. कोपऱ्यावरच्या वायरमनने शंका काढली, आवाज मोजायचं यंत्र घेऊन गल्लीभर फिरला, काटा हलला नाही. ग्रुपवर लगेच आलं, बघा, आधीच सांगितलं होतं मशिनवर दिसणार नाही. वायरमन म्हणाला, मला स्वतःलाही काही येत नाही. त्यावर आलं, बिचारा, याचे कान गेले. लोक त्याला हळहळून बघायला लागले. त्याची बायको त्याला मोठ्याने बोलायला लागली. शेवटी तो गप्प बसला, तर गप्प बसला म्हणजे पटलं असं धरून आणखी शंभर जण आले. जेवढं पाडायला जावं तेवढं ते उंच होत होतं. रंगाऱ्याला त्याचा अभिमान वाटायचा. एवढी मजबूत गोष्ट खोटी कशी असेल?

ताईने तो मेसेज तीनदा वाचला. वाचताना ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "ज्याने हे लिहिलंय ना, तो माझ्या खुर्चीत बसला तर माझ्यापेक्षा बरं काम करेल. रिकामी जागा कशी ठेवायची ते त्याला बरोबर कळलंय. साठ आकडे मोज म्हणतो. अरे, खोक्यात बसून साठ मोजलेस तर तुला तुझं रक्त पळताना ऐकू येईल."

"म्हणजे तुला येत नाही?"

"मला नाही येत."

मेसेजच्या हिशोबाने ताईचे कान मेलेले. हे त्याने स्वतःशीसुद्धा पुढे नेलं नाही. तिथून नजर वळवली.

शिंपीणकाकूंना तपासलं त्याच दिवशी, चहा झाल्यावर, ताई म्हणाली, "आता तू बस."

"मी कशाला?"

"तू हल्ली फोन उजव्या कानाला लावतोस."

"मग?"

"आधी डाव्याला लावायचास. ब्रश उजव्या हातात असतो म्हणून."

त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं. तो बसला. दार बंद झालं तसं बाहेरचं जग कुणीतरी गुंडाळून ठेवल्यासारखं झालं. उजवा कान झाला. डावा चालू झाला आणि ताईचा चेहरा काचेपलीकडे हळूहळू सपाट होत गेला. तिने डावा कान तीनदा तपासला. मग त्या कानात शब्द म्हटले, साधे, 'दार', 'पाणी', 'हात', आणि तो उलट म्हणत गेला. बाहेर आल्यावर कळलं की दहातले सहा त्याने भलतेच म्हटले होते.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. एकाच कानात आवाज, तोच कान उतरलेला, शब्द कळत नाहीत. पुढे विचारलं, "तोल जातो का?"

"नाही," रंगारी म्हणाला.

"कानाच्या नसेवर गाठ असू शकते. असेलच असं नाही. पण एमआरआय करायचाच. लवकर सापडली तर सोपं असतं, मोठी झाली तर ती मेंदूला ढकलायला लागते. आणि तोपर्यंत उंचावर चढायचं नाही."

रंगारी दवाखान्याच्या पायऱ्या उतरला तो हसतच. "डावा कान त्यांनी आधी घेतलाय. म्हणूनच त्यात जास्त येतो. आणि एमआरआय म्हणजे काय, तर आणखी एक मशिन. डोकंच घालायचं त्यांच्या मशिनमध्ये. वा."

ताई त्याच्या मागोमाग उतरली. "आणि तोल?" तिने विचारलं.

"जात नाही म्हटलं ना."

जात होता. हे फक्त त्याला ठाऊक होतं.

ताई त्याच्याशी वाद घालत बसली नाही. चार दिवस गेले आणि एका सुट्टीच्या सकाळी तिने त्याच्यापुढे कागद ठेवला. "मला एक सांग. काय झालं तर तू म्हणशील की हे खोटं आहे?"

"काहीच होणार नाही तसं."

"होणार नाही ते कळलं. पण झालं तर काय झालेलं असेल? विचार कर, घाई नाही. मी भांडी घासते."

भांडी घासून झाली, फडकं वाळत टाकून झालं, तरी तो कागदाकडेच बघत बसलेला. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. सगळे 'पुरावा दे' म्हणायचे. पुरावे त्याच्याकडे ढिगाने होते. हा प्रश्न उलटा होता आणि त्याला कुठून धरायचं ते कळत नव्हतं.

शेवटी त्याने लिहिलं: शहरापासून लांब, जिथे काही नाही, तिथे आवाज यायला नको. तिथेही आला तर तो माझ्या कानातला.

"सही," ताई म्हणाली.

"सही कशाला?"

"कागद आहे. कागदावर सही लागते."

दोघं बसने दीड तास गेले. तिथे एक बंद पडलेली दगडाची खाण होती. वीस वर्षांत तिथे कुणी घण मारला नव्हता. वस्ती नाही, तार नाही, खांब नाही. उभ्या कापलेल्या कड्यांच्या मध्ये हिरवं पाणी साचलेलं. ताई एका दगडावर बसली आणि पिशवीतून बिस्किटं काढली. रंगारी पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. डोळे मिटले.

आवाज होता. गल्लीतल्यापेक्षा जास्त स्पष्ट. बाकी काहीच नसल्यामुळे तोच तो.

ताई त्याच्या पाठीकडे बघत होती. मग त्याने खिशातून फोन काढला.

"मित्रांनो," तो फोनमध्ये म्हणाला, "मी शहरापासून लांब आलोय. इथे काहीच नाही. आणि इथेही येतोय. इथपर्यंत पसरलंय."

ताईने बिस्किटाचा पुडा दुमडून पिशवीत ठेवला. परतीच्या बसमध्ये तिने फक्त विचारलं, "आणि कागद?"

"लिहिलं तेव्हा एवढं पसरलेलं नव्हतं."

"बरं."

"बरं काय? बोल ना काहीतरी."

"काय बोलू? तू सगळ्यावर उत्तर घेऊन बसलायस. मी खाणीत ढकललं तरी पाण्यातून ओरडशील, त्यांनीच ढकललं."

त्याला हसू आलं, तिलाही. पण ती खिडकीकडे तोंड करून हसत होती आणि हसू संपल्यावरही तिने तोंड फिरवलं नाही. खाणीतून पाठवलेला आवाज दोन लाख लोकांनी ऐकला. त्याच्या कुठल्याच बोलण्याला एवढे लोक आले नव्हते.

पुढच्या आठवड्यात, डॉक्टरांचं न ऐकता, तो चौथ्या मजल्याच्या उंचीवर होता. झुला म्हणजे दोन दोर आणि एक फळी. फळीवर बसून भिंत रंगवत सरकायचं, त्याला ते डोळे झाकून यायचं. त्याने बादलीकडे मान वळवली आणि भिंत फिरली. भिंतच. त्याने दोर धरायला हात टाकला तो दोराच्या वीतभर बाजूला, हवेत. दुसरा हात अडकला म्हणून राहिला. बादली गेली. खाली फरशीवर पांढरा रंग असा फुटला की रस्त्यापलीकडचे लोक दारात आले.

संध्याकाळी तो घरी आला. पँटच्या कडेला पांढरे शिंतोडे होते.

"बादली पडली?" ताईने विचारलं.

"हातातून सुटली."

"हातातून सुटली तर सरळ खाली जाते, रंग पँटवर उडतो का? तू पण हललास."

तो पँटवरचे शिंतोडे नखाने खरवडायला लागला. आई इस्त्री कपड्यावर तशीच ठेवून दोघांकडे बघायला लागली. ताई आईला म्हणाली, "काही नाही गं, कपडे जळतील, बघ."

शनिवारी दुपारी दवाखाना लवकर बंद व्हायचा. ताईने त्याला कुलूप लावायला म्हणून बोलावून घेतलं. तो आला तर ती आपल्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "तू तिथे बस. आज मला तपास."

"मी?"

"हा डायल म्हणजे आवाज किती. हे दाबलं की वाजतं. दिवा लागला की मी ऐकलं. तुला वाटेल तेव्हा वाजव, वाटेल तेव्हा नको वाजवूस. काहीही न वाजवता दिवा लागला तर कडेला गोल. जे होईल ते लिही. माझं तोंड बघून लिहू नकोस."

ती आत गेली. हेडफोन चढवले. दार ओढून घेतलं. तिला त्या खुर्चीत बसलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं. एवढीशी दिसत होती.

त्याने वाजवलं, दिवा लागला. कमी केलं, दिवा लागला. आणखी कमी, तरी लागला. कान असले तर असे, त्याला वाटलं. मग त्याच्यातला खट्याळपणा जागा झाला. त्याने हात मांडीवर ठेवले आणि नुसता बसला. वाजवलंच नाही. घड्याळाचा काटा सरकत होता. ताईने डोळे मिटले. मान जराशी वाकडी केली.

दिवा लागला.

त्याला वाटलं चुकून आपलाच हात लागला. हात तर मांडीवर होते. त्याने गोल काढला. दोनदा खरंच वाजवलं, दोन्ही बरोबर आले. परत थांबला. परत दिवा. त्याने दुसरा गोल काढला. काचेपलीकडे ताई ऐकत होती. साऱ्या अंगाने ऐकत होती, श्वास धरून, आणि चेहऱ्यावर तेच, शिंपीणकाकूंचं, कुणी लांबून हाक मारल्यासारखं हसू. तिसऱ्यांदा तिने दाबलं ते किती खात्रीने. चौथा. पाचवा.

ती बाहेर आली. केस नीट केले. "किती?"

"पाच."

तिने कागद घेतला. उभ्या उभ्या बघितला. मग खुर्चीत बसून बघितला.

"बरोबर लिहिलंस?"

"हो."

"हात लागला नाही ना कुठे?"

"मांडीवर होते."

तिने पेन घेतलं, कागदाखाली आपली सही केली, तारीख घातली आणि पेशंटच्या फायलींमध्ये लावून टाकला.

"फाडून टाक ना ताई. कुणी बघितलं तर?"

"कागद फाडत नाही मी." मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता तू सांग. माझे कान त्यांनी मारलेत? की मी पण वाचलेली? तुझ्या मेसेजात मला बसव कुठेतरी."

त्याने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, प्रत्येक वेळी असायचं. ते ओठापर्यंत आलं आणि समोर ताई होती. ज्या बाईने झाडू मारत मारत हे मशिन शिकून घेतलं, पैलवानाला परत पाठवलं, डॉक्टरांपुढे आकडा बदलला नाही, ती. त्याच्या मनात चक्क उजेड पडला: ही मुद्दाम दाबत होती. हिचे कान फसणं शक्य नाही. आपल्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून हिने पाच वेळा खोटं दाबलं, वर त्याच्याखाली सही केली. सोळा वर्षांत केलं नाही ते आज केलं. आपल्यासाठी.

एवढं ज्या माणसाने करावं, त्याच्यापुढे तो आवाज, ती यंत्रं, ते दोन लाख लोक, सगळं एकदम किरकोळ झालं.

"कधी आहे एमआरआय?" त्याने विचारलं.

"सोमवारी. नंबर लावून ठेवलाय."

"कधी लावलास?"

"पहिल्याच दिवशी. तू ऐकेपर्यंत मीच पुढे ढकलत होते."

गाठ होती. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. ऑपरेशन सात तास चाललं. डावा कान पूर्ण गेला, दोन महिने तो भिंत धरून चालला, आणि आवाज मात्र राहिला, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तसा. ताई त्याला रोज गच्चीच्या जिन्यावर न्यायची, एक पायरी वर, एक पायरी खाली. "साहेब, झुला हवा का?" असं चिडवायची. तो शिव्या देत चढायचा.

बरं वाटायला लागल्यावर त्याने फोनवर एकदाच बोलून टाकलं. "ऐका. तो आवाज माझ्या कानात होता. गाठ होती. काढली. तुम्हाला एकाच कानात येत असेल तर मेसेज सोडा आणि कान दाखवा."

दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं. 'दादा, गाठ त्यांनीच बसवली.' दुसरं आलं, 'दादांना गप्प केलं बघा. ऑपरेशनच्या नावाखाली काय केलं असेल देव जाणे.' संध्याकाळपर्यंत त्याचा गेलेला डावा कान हाच सगळ्यात मोठा पुरावा झाला होता. तो फोन हातात धरून बसला. राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. एखादी प्रचंड इमारत खालून वर बघताना मान दुखते तसं काहीतरी झालं. हिला पाया नाही, म्हणून ती पडत नाही. आणि तिच्यातले दोन मजले आपण स्वतः रंगवले.

तो ग्रुपमधून निघाला. ग्रुप चालू राहिला. पण त्या महिन्यात तीन अनोळखी माणसं ताईच्या दवाखान्यात आली, एकेकटी, कुणाला न सांगता. एकाच कानात येतो म्हणाली. ताईने तिघांना तपासलं. रिकाम्या जागा ठेवल्या. गोल काढले. कुणाला काही बोलली नाही.

रंगारी आता आतल्या भिंती रंगवतो, जमिनीवर उभा राहून. चार वर्षांनी दवाखान्याने जागा बदलली तेव्हा नव्या खोल्या त्यानेच रंगवल्या आणि जुन्या फायलींची कपाटं उतरवायला लागला. त्यात तो कागद निघाला. लाल गोल, निळ्या फुल्या, कडेला त्याच्या हातचे पाच वेडेवाकडे गोल, खाली ताईची सही.

"हे नाटक अजून जपून ठेवलंयस," तो म्हणाला.

"कसलं नाटक?"

"तू मुद्दाम दाबलं होतंस ते. मला काय कळलं नाही वाटतं?"

ताईने हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, म्हणजे त्याला नीट ऐकू यावं.

"मी कशाला मुद्दाम दाबेन? मी आत शिरले तीच ठरवून, की एकही गोल पडू द्यायचा नाही. तुला दाखवायचं होतं, ज्याला सवय आहे त्याचा कान फसत नाही. पाचही वेळा मला ऐकू आलं. तिसरा तर इतका स्पष्ट आला की मला वाटलं, तू आवाज वाढवलास."